दिलीपचं अँथुरियम

माणूस गेला की त्याचे किस्से दारातल्या चपलांसारखे साचत जातात.

फोन आला त्या सकाळी मी दूध तापवत होते. माझा नवरा दिलीप भिलाईच्या पोलाद कारखान्यात, दगडी कोळसा भाजून कोक करतात त्या कोक ओव्हनमध्ये कामाला होता. त्या दिवशी सुट्टी म्हणून दुर्गच्या बाजारात गेला होता, तिथेच छातीत कळ आली आणि संपलं. त्याचा मित्र भोयर फोनवर एवढंच म्हणाला, "वहिनी, मी येऊन राहिलो. गॅस बंद करा."

मागे राहिलं त्याचं लाल अँथुरियम. भर पावसाच्या जंगलातलं झाड, आणि भिलाईच्या उन्हात! ते जगेल ना, हीच आता मला धास्ती.

*

याला माती चालत नाही. मुळं मोकळी राहायला हवीत, म्हणून कुंडीत विटांचे तुकडे आणि लाकडी कोळसा घालतात. पण कोक ओव्हनचा माणूस! दिलीपने लोहाराकडून कोक आणून कुंडी भरली.

भोयर बघतच राहिला. "अबे दिलप्या, झाड लावून राहिला का फर्नेस पेटवून राहिला?"

कोकने ते झाड गेलं. हे दुसरं, नारळाच्या शेंड्यांत लावलेलं.

*

मे महिन्यात कूलरचं तोंड बाल्कनीकडे! सासूबाई घामाघूम.

"कावून रे, हवा तिकडं कावून?"

"आई, ते जंगलातलं हाय. त्याले ओली हवा लागते."

"मंग मी काय राजवाड्यातली हाय?"

शेवटी कूलरचं तोंड सासूबाई आणि झाड, दोघांच्या मधे आलं.

*

ड्यूटीवरून आला की आधी ओल्या फडक्याने पानं पुसायचा. स्वतःचं तोंड काळंच.

"आधी स्वतःकडे पाहा!" मी म्हणायची.

"मी नाकानं श्वास घेतो. ते पानांनी घेते."

*

विश्वकर्मा पूजेला कारखान्याच्या प्रत्येक शॉपमध्ये, म्हणजे विभागात, नारळ फुटतात. दिलीप पोतं घेऊन सगळीकडे फिरायचा. "प्रसाद राहू द्या, शेंड्या द्या!" शेंड्या ओल धरतात, पण दोनेक वर्षांत कुजतात, मग कुंडी रिकामी करून नव्या भराव्या लागतात. यंदा भरायच्या होत्या.

पूजेच्या संध्याकाळी बेल वाजली. दारात भोयर, हातात शेंड्यांची पिशवी. मागून आणखी एक जण. मग मला नावंही माहीत नाहीत असे कितीतरी. जो तो पिशवी ठेवायचा, पाणी प्यायचा, निघायचा.

शेवटच्याने विचारलं, "भाभीजी, इतना हो जाएगा?"

"हो जाएगा, भैया."

पिशव्यांनी बाल्कनी भरून गेली.

कुंडीतल्या, दिलीपच्या हातच्या शेंड्या मी अजून बदललेल्या नाहीत.