शेवट न कळलेली कादंबरी

आज सांगलीच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात डिंकाची बाटली उघडली आणि त्या आंबूस वासाने मी थेट वडूजला पोचले.

तिथल्या ग्रंथालयात हंगामी नोकरीचा माझा दुसरा दिवस. आदल्या दिवशी तीस नव्या पुस्तकांत तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवून, वर वजन ठेवून मी ऐटीत घरी गेले होते. मध्ये रद्दी कागद घालायचा असतो, हे कुठं ठाऊक होतं! सकाळी एकाही पुस्तकाची शेवटची पानं सुटेनात. नोकरी गेलीच म्हणून मी रडायला लागले.

फौजेतून निवृत्त झालेले परिचर तात्या एक जुनी कादंबरी घेऊन आले.

"ही मी चिकटवल्याली. रद्दीत निघाली, तवा ठिवून घेतली. शेवट काय हाय, अजून कुनाला कळला न्हाई! ऊठ पोरी, चहाची किटली ठेव. वाफेवर पानं सुटत्यात."

वडूज सोडताना ती कादंबरी त्यांनी माझ्या पिशवीत घातली. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

आज, नुकतीच अर्धवेळ कामाला लागलेली स्नेहल चिकटलेला गठ्ठा घेऊन समोर उभी राहिली, डोळे भरलेले. मी खणातून कादंबरी काढून तिच्या हातात दिली.

पानं ओढून बघत ती म्हणाली, "मॅडम, शेवटी काय होतं हिच्यात?"

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं, "किटली ठेव."