सात शेंदरी दगड आणि चारची जीप

मी भूगोलाचा प्राध्यापक आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हसू दाबायचे कष्ट नकोत.

आमचं घर लोणखेड्याला. गच्चीवरून सातपुडा रोज दिसतो, पण मुलांनी तो फक्त गच्चीवरूनच पाहिला होता. कारण आमची प्रत्येक सुट्टी जायची खापरला, बायकोच्या मावशीकडे. तिथला कार्यक्रम ठरलेला : मावशींच्या गुडघ्यांची चौकशी, जेवण, पुन्हा गुडघे. या दिवाळीत मात्र मुलांनी बंड केलं. दहा वर्षांची गार्गी आणि सात वर्षांचा ओम ताटावरूनच ओरडायला लागले, "डोंगर! डोंगर! डोंगर!"

"चला!" मी म्हणालो. "पायवाटेनं वर, तिथल्या पाण्याच्या कुंडापाशी जेवण, पायवाटेनं खाली!"

माझी बायको वैशाली पोळी लाटता लाटता म्हणाली, "एक अट आहे. डोंगराखालच्या पाड्यावरून तळोद्याला यायची शेवटची जीप चार वाजता सुटते. ती मिळाली, तर दर महिन्याला डोंगर. चुकली, तर पुढची सगळी वर्षं खापर!"

मुलांचे चेहरे पांढरे पडले. ओमनं माझा शर्ट धरला. "पप्पा, चुकायचं नाही हं!"

"अरे, मी भूगोल शिकवतो!" मी म्हणालो. (त्या वेळी हे वाक्य मला धीर देणारं वाटलं होतं.)

तेवढ्यात आतून आवाज आला, "मी बी येस." ही मथुराफुई. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. वय अडुसष्ट, सगळा जन्म तापीकाठी केळीच्या बागेत गेलेला, दिवाळीला माहेरी आलेली.

"फुई, चढ शे. तुले जमाव नही."

"तुले जमी का, ते देख!" फुई म्हणाली आणि पिशवी भरायला लागली.

मी मात्र शास्त्रशुद्ध तयारी केली. खिडक्यांना दिलेल्या ऑइलपेंटचा उरलेला डबा घेतला. योजना अशी की प्रत्येक फाट्यावर आपण ज्या वाटेनं चाललो, तिच्या मधोमध एक रंगवलेला दगड ठेवायचा. उतरताना ज्या वाटेवर दगड, ती आपली वाट. एवढी सोपी गोष्ट कुणाला समजावून सांगायची काय गरज, म्हणून मी ती सांगितली नाही. रंग शेंदरी होता, हेही मला महत्त्वाचं वाटलं नाही.

तळोद्याला गाडी लावून आम्ही जीपनं पाड्यावर गेलो आणि नऊला चढायला लागलो. काय ती मुलं! डोंगर चढत होती की उडत होती, कळेना. "पप्पा, माकडं! काळ्या तोंडाची! चौदा!" "पप्पा, ही बघा घसरगुंडी!" आणि ओम खडकावरून घसरून चड्डी फाडून मोकळासुद्धा झाला! मी सगळ्यात पुढे. फाटा आला की दगड रंगवायचा, ठेवायचा, पुढे निघायचं. मध्ये ओमला आवरत वैशाली. फुई शेवटी, आणि फाटा आला की हमखास मागे राहायची.

"फुई, चाल ना!"

"उनू रे भाऊ, उनू!"

बिचारी दमते, असं मला वाटलं. अंतःकरण भरून आलं.

वर कुंडात पाय सोडून आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. असं जेवण मी आयुष्यात जेवलो नाही. वैशालीसुद्धा हसत होती! "दर महिन्याला इथेच यायचं," गार्गीनं जाहीर केलं. अडीचला आम्ही उतरायला लागलो आणि लगेचच पहिला फाटा आला.

दगड नव्हता.

दोन्ही वाटा स्वच्छ. शेजारी मोहाच्या झाडाखाली मात्र एक देव होता. शेंदूर फासलेला, रानफुलं वाहिलेली, पुढ्यात बिस्किटाचा नैवेद्य. माझ्यातला प्राध्यापक जागा झाला.

"मुलांनो, इकडे या. हा वाटेचा राखणदार! किती पिढ्यांनी इथे माथा टेकला असेल, विचार करा!" मी चप्पल काढून नमस्कार केला, मुलांकडूनही करवला.

"पप्पा, देवाला आपलंच बिस्किट आवडतं!" ओम म्हणाला.

"श्रद्धा सगळीकडे सारखीच असते, बाळा." (हे मी खरंच म्हणालो. वैशाली साक्षीला आहे.)

आमचा दगड बकऱ्यांनी उडवला असणार, असा निष्कर्ष काढून मी उजवी वाट धरली.

"आपन आठेंग उनात का रे?" फुईनं त्या वाटेकडे बोट दाखवत मागून विचारलं.

"फुई, मी शे ना!"

वीस मिनिटांनी आम्ही एका मोहाच्या झाडाशी पोचलो. शेंदरी देव, रानफुलं, बिस्किट.

"बघा! दुसरा राखणदार!"

"पप्पा," गार्गी म्हणाली, "हा तोच आहे. आपण गोल फिरलो." मग तिनं देवाला बोट लावलं. बोट शेंदरी झालं. "आणि हा ओला आहे."

मी फुईकडे पाहिलं. फुईचे दोन्ही तळहात शेंदरी होते.

"फुई, तुन्हा हातले काय लागनं?"

"शेंदूर! सकायपासून सात देव उचलात मी. कोन येडानी देव वाटवर टाकात, त्यानं वाटोळं होवो! पाय लागी ना देवले! चांगलं झाड देखीसन एकेकले खाले बसाडं."

माझ्या हातात रंगाचा डबा होता. वैशालीनं तो डबा पाहिला, मला पाहिलं आणि ती तिथेच दगडावर बसून पोट धरून हसायला लागली.

"तुन्हा व्हतात का ते?" फुईनं विचारलं.

"हां."

"मंग सांगता येत नव्हतं का? मी सातही देवसले नारळ बोलेल शे. मन्हा भाचा वाट चुकाले नको म्हनीसन!"

ओम रडवेला झाला. "पप्पा, आता खापर?" घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. खरं सांगतो, मला त्या पोराकडे बघवेना.

फुईनं पदर खोचला. "रडस काय? मी बसाडात ते देव माले ठाऊक नही का? हाऊ मोहखाले. याना पुढला सागखाले, डावा हातले. मंग पळस. चाला!"

आणि अडुसष्ट वर्षांची फुई सुटली! मुलं तिच्यापुढे, वैशाली तिच्यामागे, मी सगळ्यांच्या मागे. झाड दिसलं की ओम किंचाळायचा, "सापडला! सागाचा देव सापडला!" गार्गी टाळ्या पिटायची. मी एका ठिकाणी "माझ्या अंदाजानं पश्चिम..." एवढंच म्हणालो, तर फुई म्हणाली, "तू गप चाल!" फक्त एकच अडचण होती. फुई प्रत्येक देवापाशी थांबून हात जोडायची. "फुई, जीप!" वैशाली ओरडायची. शेवटी वेळ वाचावा म्हणून आम्ही सगळेच एकदम हात जोडायला लागलो. स्वतःच्या ऑइलपेंटला मी त्या दिवशी सात वेळा नमस्कार केला.

पाड्यावर पोचलो तेव्हा जीप हलली होती. ओम हात पसरून सरळ तिच्यासमोर उभा राहिला! ड्रायव्हरनं ब्रेक मारला. आत मुंगीला जागा नव्हती. बायका-मुलं कशीबशी कोंबली गेली आणि ड्रायव्हर माझ्याकडे वळला.

"सर, तुम्ही मागे लटका. आन सर, वळखलं का? नकाशा वाचन तुम्हीच शिकाडं माले!"

मी लटकलो. तळोदा येईपर्यंत फुई आतल्या सगळ्यांना गोष्ट सांगत होती, आणि दर वळणावर जीप हसण्यानं हलत होती.

वैशालीनं शब्द पाळला. दर महिन्याला डोंगर! पुढच्या महिन्यात नवस फेडायला गेलोच. सात नारळ माझ्या पाठीवर, पुढे फुई, आणि माझ्या गळ्यात गार्गीनं दोरीत ओवून घातलेली शिट्टी. "पप्पा, हरवलात तर जागेवरच थांबायचं आणि वाजवायची. आम्ही न्यायला येऊ."

भूगोलाच्या प्राध्यापकाला शिट्टी! मला फार लागलं ते. वाजवली मी फक्त दोनदाच.