नाव नसलेलं वादळ

युरोपातल्या वादळांशी माझा संबंध यायचं खरं तर काहीच कारण नव्हतं. मी देवगडची. लग्न होऊन अमिरातीतल्या खोर फक्कानला आले ती इथलीच झाले. समोर समुद्र, पाठीमागे कोरडे डोंगर आणि मध्ये चौथ्या मजल्यावरची आमची जागा. आमचे हे बंदरात कामाला आहेत. कुठलं जहाज कधी येणार, कुठल्या धक्क्याला लागणार, हे ठरवायचं त्यांचं काम. त्यामुळे तिकडच्या थंडीतली वादळं आमच्या जेवणाच्या टेबलावर यायची.

तिकडच्या दोन-तीन देशांची हवामान खाती मिळून हिवाळ्याआधीच नावांची यादी काढतात. बायकांची नावं, पुरुषांची नावं, सगळी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. मोठं वादळ येतंय असं दिसलं की यादीतलं पुढचं नाव त्याला द्यायचं. नाव दिलं की लोक मनावर घेतात, असा त्यामागचा विचार. ह्यांच्या ऑफिसात त्या नावांना भलताच मान. जहाज उशिरा आलं आणि कॅप्टनने नुसतं 'खराब हवामान' म्हणून कळवलं, तर हे लगेच विचारणार, कुठलं वादळ? नाव सांगितलं तर उशीर मंजूर. नाव नसेल तर बहाणा. असा शिरस्ताच पडून गेला होता.

मग आमची एकुलती एक मुलगी नर्स झाली आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका लहानशा गावातल्या वृद्धाश्रमात नोकरीला लागली. ऑफिसातला शिरस्ता आमच्या घरात आला तो तेव्हा. नाव जाहीर झालं की तिचे बाबा तिला फोन लावायचे.

"आज बाई येतायत तुमच्याकडे. पाणी भरून ठेव, मोबाइल चार्ज कर, आणि गाडी बिलकुल काढायची नाही."

"बाबा, रिलॅक्स! आय हॅव सूप अँड अ टॉर्च."

मी मध्येच तोंड घालायचे, "बाईंना म्हणावं, आमच्या पोरीच्या वाटेला जाऊ नका." ती खूप हसायची. दोन-तीन हिवाळे असेच निघाले. बाई आल्या, बुवा आले, कौलं उडवून गेले. पोरगी सुखरूप होती.

त्या शुक्रवारी ह्यांना सुट्टी होती. मी सुरमईचं कालवण केलं होतं आणि हे जेवायला बसले होते. तेवढ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. युनिफॉर्म घातलेला, केस घट्ट बांधलेले. तिच्या मागच्या खिडकीची काच वाजत होती आणि तो आवाज मला इथपर्यंत येत होता.

"आई, इट्स रिअली विंडी आज. शिफ्टला जाऊ का घरीच राहू? बाबांना विचार ना."

मी विचारलं. ह्यांचा उजवा हात माखलेला होता. डाव्या हाताने त्यांनी मोबाइलवर पाहिलं.

"नाव दिलंय का? नाही. नुसती यलो वॉर्निंग आहे, सगळ्यात खालची. मग खलास, जाऊ दे तिला. उगाच सुट्टी कशाला घालवायची?"

"ऐकलंस ना गं?" मी म्हटलं.

"हो, ओके. माझ्या वाटचं कालवण ठेव हं." आणि तिने फोन ठेवला.

पोचल्याचा तिचा मेसेज नेहमी यायचा. त्या दिवशी आला नाही. मी लिहिलं, पोचलीस का? एकच टिक. पुन्हा लिहिलं, पुन्हा एकच टिक. वृद्धाश्रमाचा फोन लागेना. हे म्हणाले, लाइट गेले असतील, टॉवर पडला असेल, तिकडे नेहमीचंच आहे. पण बोलता बोलता ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होते आणि पुन्हा परत येत होते.

मग आम्ही बातम्या शोधायला बसलो आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की शोधायचं कसं हेच आम्हाला माहीत नाही. एरवी वादळाचं नाव टाकलं की नकाशे यायचे, बंद रस्ते कळायचे, पडलेल्या झाडांचे फोटो दिसायचे. आता काय टाकायचं? मी गावाचं नाव टाकलं तर हॉटेलं आली. 'वारा' टाकलं, तर पंख्यांच्या जाहिराती आल्या. ह्यांनी ओळखीच्या एका शिपिंग एजंटला युरोपात फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "विच स्टॉर्म, सर?" "नो नेम," हे म्हणाले. "नो नेम? देन आय हॅव नथिंग, सर." ह्यांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

मी देवासमोर बसले, उठले, पुन्हा बसले. कालवणाचं भांडं फ्रिजमध्ये टाकलं. तिच्या वाटचं म्हणून नीट झाकण लावून ठेवलं.

सकाळी वृद्धाश्रमातल्या बाईंचा फोन आला. त्या आधी हवेबद्दलच बोलत राहिल्या. रस्ते बंद होते, वीज नव्हती, वळणावरचं मोठं झाड पडलं. झाड म्हटल्यावर मला कळलं. ह्यांना ते कळायला पुढची दोन वाक्यं लागली.

आम्ही जाऊन आलो. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

परत आल्यावर मी ह्यांना नको नको ते बोलले. शिव्या घालायच्या तर कुणाला घालणार? त्या वाऱ्याला नाव नव्हतं, म्हणून सगळ्या ह्यांच्या वाट्याला आल्या. खरं तर निरोप माझ्याच तोंडून गेला होता, ते त्यांनी कधी काढलं नाही. कामावर मात्र एक फरक पडला. कुठल्याही कॅप्टनने नुसतं 'खराब हवामान' म्हटलं तरी हे उशीर मंजूर करू लागले. वरून बोलणी बसली. तरीही ते कुणालाच नाव विचारत नव्हते.

वसंतात तिकडे हिवाळ्याचा आढावा निघाला. प्रत्येक वादळाचं नाव, त्याचा नकाशा, कुठे काय पडलं ते सगळं त्यात होतं. ह्यांनी तो दोनदा वाचला. "तिचं वादळ यात नाहीये," एवढंच म्हणाले.

परवा संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. मोबाइलवर तिकडच्या हवामान खात्याचं पान उघडलेलं होतं. पुढच्या हिवाळ्याच्या यादीसाठी कुणीही नाव सुचवू शकतं म्हणे. चौकटीत ह्यांनी आमच्या मुलीचं नाव लिहिलं होतं.

"यादीत आलं तर लोक घाबरतील गं. घरात बसतील. कुणाची तरी मुलगी गाडी काढणार नाही."

माझा तोल सुटला. "आणि एखादीने काढलीच तर? तिची आई कुणाच्या नावाने बोटं मोडेल? माझ्या लेकीच्या? जन्मभर तिचं नाव घेऊन शिव्या घालेल ती. मला घालता आल्या असत्या तर मीही घातल्या असत्या."

"मग मी करू तरी काय?" असं हे म्हणाले आणि हमसून हमसून रडायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

मग त्यांनी डोळे पुसले आणि मागून एकेक अक्षर खोडायला घेतलं. पहिल्या अक्षराशी येऊन अंगठा थांबला. मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, "हे तू पूस."

मलाही जमलं नाही.