मेडशीचा हिरवा ठिपका

उत्तमभाऊ गेल्याची बातमी सोमवारी सकाळी आली, तेव्हा माझ्यासमोरच्या पडद्यावर ते हजर होते. मेडशीजवळच्या पंपघरात पाळी बदलायला गेलेल्या सहकाऱ्याचा फोन होता. "ताई, भाऊ गेले... अंग थंड पडलं हाये," एवढंच तो म्हणाला. मी पडद्याकडे पाहिलं. मेडशीपुढे हिरवा ठिपका, चालक हजर, टाकीची पातळी ठीक. मी खुळ्यासारखं फोनवर त्यालाच विचारलं, नक्की ना?

आमच्या पाणी योजनेच्या वाशिमच्या खोलीत मी दिवसभर पडद्यापुढे बसते. पंपघरं जुनी आहेत. तिथली यंत्रं टेलिफोनच्या तारेवरून आपल्या जुन्या भाषेत बोलतात. वाशिमला मात्र सगळं इंटरनेटवर. दोघांना एकमेकांचं ओ की ठो कळत नाही, म्हणून वाटेतल्या मालेगावच्या खोलीत एक लोखंडी डबा ठेवला आहे, गेटवे. जुन्याचं ऐकायचं आणि नव्याला सांगायचं, एवढंच त्याचं काम. तो उत्तमभाऊंनी बसवला आणि त्याचं नाव ठेवलं दुभाष्या. मालेगावला आले की रंगाच्या जुन्या ब्रशने त्याची धूळ झाडत आणि घरच्या माणसाची करावी तशी त्याची चौकशी करत. मला हसू यायचं. पण ही सगळी विद्या त्यांनीच मला शिकवली, तीही रागावून, चिडवून, आणि एकदा चक्क माझ्या हातातला पेचकस काढून घेऊन.

पंपघरातल्या माणसाने दर चार तासांनी हजेरीचं बटण दाबायचं, ही जुनी पद्धत. बाकीचे आठवलं की दाबायचे. भाऊ वेळेवर दाबायचे, आणि दोनदा. दुसऱ्यांदा ठिपका लुकलुकला की समजायचं, ताई, चहा घ्या.

तार मात्र सारखी तुटायची. तुटली की ठिपका लाल, वरून साहेबांचा फोन, आणि बोलणी मला. शेवटी कंटाळून मीच भाऊंना म्हटलं, डब्याला असं सांगा की तार गेली तरी शेवटचं ऐकलेलं पुढे सांगत राहायचं. त्यांना ते पटलं नाही.

"तार तुटली तं तुटली म्हणू द्या ना त्याले. ऐकू नाही आलं तं मनचं बोलायले कायले लावता?"

मी हट्ट धरला. त्यांनी माझ्यासाठी ते केलं.

शनिवार-रविवार मेडशीची पाळी एकट्या भाऊंची असे. त्या शनिवारी सकाळी आठला ठिपका दोनदा लुकलुकला. नंतर केव्हातरी रस्त्याच्या कामात तार उखडली गेली. बाराला ठिपका लुकलुकला नाही. मला ते दिसलं होतं... भाऊ कशावरून तरी रुसले असतील, असं वाटलं. दोनच्या सुमारास मंगरूळपीरहून वहिनींचा फोन आला. "त्यायचा फोन लागून नाही राह्यला. पाह्यता का जरा?" मी पाहिलं आणि सांगितलं, वहिनी, हजर आहेत, काळजी करू नका.

रविवारी घरून मोबाइलवर पाहिलं, तेव्हाही ते हजरच होते. पंप आपोआप चालत राहिला, गावांना पाणी गेलं, कुणाची तक्रार आली नाही. डॉक्टर म्हणाले, शनिवारी दुपारी कधीतरी गेले. म्हणजे मी वहिनींना सांगत होते तेव्हा ते होते की नव्हते, हे मला आता कधीच कळणार नाही.

दिवसकार्याला गेले तेव्हा वहिनी येईल त्याला सांगत होत्या की दुपारपर्यंत बरे होते, ऑफिसातल्या ताईंनी पाहून सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं आणि परत आले. पुढे सहा आठवडे ठिपका हिरवाच राहिला. नवा माणूस वहीत हजेरी लिहीत होता, आणि तार दुरुस्तीचा कागद माझ्याच टेबलावर पडून होता. खोलीत एकटी असले की पडद्याकडे पाठ करून बसायची. तरी पाठीमागे कुणीतरी हजर आहे असं वाटे.

गेल्या रविवारी मंगरूळपीरला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. बाराला ठिपका लुकलुकला नव्हता, तेही सांगितलं. 

"तुमी हायेत म्हणाल्या, म्हून मी जेवली," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, अजून दिसतात का. मी मोबाइल दिला. मेडशीच्या ठिपक्याकडे त्या पाहत राहिल्या. बोट जवळ नेलं, पण लावलं नाही.

"आता त्याले खरं सांगू द्या."

मी मालेगावच्या माणसाला फोन करून डब्याला घातलेली ती सोय काढायला लावली. आम्ही दोघी पाहत बसलो. ठिपका लाल झाला. मेडशी, संपर्क नाही. वहिनींनी मोबाइल माझ्या हातात दिला, दारापर्यंत सोबत आल्या. निघताना 'येत जा' म्हणाल्या नाहीत.