ऐंशी माणसांचा कोपरा

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. म्हणजे हसालच, पण निदान चहाचा कप खाली ठेवून हसा.

जर्सी सिटीत तेव्हा बघावं तिकडे नवे टॉवर उठत होते, पण खाली माणसांनी चालायचं कुठून, याचा कुणाला पत्ता नव्हता. ते ठरवणाऱ्या ऑफिसात मी लागलो. पहिलाच स्वतंत्र रिपोर्ट : आमच्या भागात झेब्रा क्रॉसिंग कुठे हवं? जमला तर नोकरी पक्की, फसला तर व्हिसासकट घरी!

नियम असा, की कोपऱ्यावर उभं राहून माणसं मोजायची. आता नोव्हेंबरच्या थंडीत, सकाळी सात वाजता, तुम्ही राहिला असता? आणि तो कोपरा नेमका माझ्या चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीखाली! मी आपला चहा घेऊन खिडकीत बसलो. सहा महिन्यांसाठी आलेले बाबा फिरायला गेले होते, त्यामुळे घर शांत.

खाली टोपी दिसली की वहीत एक काडी. तासाभरात ऐंशी टोप्या! कोपऱ्यावर आलेला माणूस रस्ता ओलांडणारच, नाही का? दिलं ठोकून : क्रॉसिंग इथेच.

माझी बॉस कॅरोल जाम खूश. "उद्या सकाळी बघायलाच जाऊ!"

गेलो. सात वाजता आठ जण आले. कानटोप्या, साड्यांवर जाकिटं, पायात पांढरे बूट. पुढे कोण? आमचे बाबा! मागे इमारतीतल्या इतर पोरांचे आईवडील.

"अय्या मंदार, तू चक्क खाली?" शेजारच्या साने काकू चालता चालताच म्हणाल्या. घोळका कोपऱ्यावर वळून इमारतीमागे गेला.

सहा मिनिटांनी पुन्हा तेच आठ. कॅरोल घड्याळ बघतेय, मी बुटाची नाडी बांधतोय. न सुटलेली!

तिसऱ्या वेळी तिने बाबांना थांबवलंच. बाबा रिटायर्ड हेडमास्तर, इंग्रजी खणखणीत.

"रोज किती फेऱ्या मारता?"

"दहा." बाबांनी खिशातून वेलदोडे काढून दाखवले. "फेरी झाली की एक डाव्या खिशातून उजव्या खिशात. मोजण्यात चूक नको."

आठ दाहे ऐंशी! भर थंडीत मला घाम फुटला.

"पण रस्ता ओलांडून नदीकाठी का जात नाही? किती छान आहे तिकडे!"

"जायचं तर सगळ्यांनाच आहे हो. पण सक्त ताकीद आहे. गाड्या सुसाट येतात, रस्ता ओलांडायचा नाही म्हणून."

"कुणाची ताकीद?"

बाबांनी बोट माझ्याकडे केलं. साने काकूंनी जोरात मान डोलावली. असं मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणता!

क्रॉसिंग झालं हो, त्याच कोपऱ्यावर. नोकरीही टिकली. पण माझ्या रिपोर्टात कॅरोलने ऐंशी खोडून आठ केले, आणि 'लोक इथे रस्ता का ओलांडत नाहीत' या रिकाम्या रकान्यात लाल पेनाने एकच शब्द लिहिला : मंदार.