चालत वाजवायचा युफोनियम

नऊ फेब्रुवारी, रविवार. धुळ्यात नानांच्या वाद्यांच्या दुकानात आम्ही तिघे होतो: दुकानाचे मालक नाना, माझा धाकटा भाऊ आणि मी. काउंटरवर दोन युफोनियम ठेवले होते. नव्याची किंमत नानांनी एक लाख चार हजार सांगितली, जुन्या जपानी बाजाची बहात्तर हजार. आमच्याकडे ऐंशी हजार होते, निम्मे त्याचे, निम्मे माझे.

ज्यांनी युफोनियम पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोटाशी धरायचा पितळेचा बाजा, तोंड वर. वरातीत ट्रम्पेट गाणं म्हणतो तेव्हा त्याच्या खालून जो जाड, गोड आवाज चाललेला असतो तो याचा. लोकांचं त्याच्याकडे लक्ष नसतं. माझंही नव्हतं.

भाऊ जळगावच्या एका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, बावीस वर्षं पहिल्या रांगेत. दिवाळीच्या आधी त्याची स्कूटर घसरली आणि वरचे पुढचे तीन दात गेले. कवळी बसवली. जेवायला, बोलायला अडचण नाही. पण ट्रम्पेटचं माउथपीस दहाच्या नाण्याएवढं. ते नेमकं खोट्या दातांवर टेकतं. जोरात फुंकलं की कवळी सरकते आणि सूर फाटतो. युफोनियमचं माउथपीस मोठं असतं, त्याचा भार आजूबाजूच्या खऱ्या दातांवरही जातो. म्हणून त्याने वाद्य बदलायचं ठरवलं.

बँडचे मालक, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्याला म्हणाले होते, "आपला युफोनियमवाला सुरतेला गेला. एप्रिलच्या तारखांच्या आत तू तयार झालास तर रांगेत तू. नाहीतर मला दुसरा बघावा लागेल. मग तू वरातीच्या लाइटच्या गाडीजवळ राहा. पगार मी देईनच."

आबा हे प्रेमाने बोलले होते. "पगार देईनच" हे वाक्य मात्र भाऊ माझ्या घरी दोनदा बोलून दाखवून गेला.

आबांकडे एक स्वस्तातला युफोनियम पडून होता. तो घेऊन भाऊ रोज पहाटे मेहरूण तलावावर सराव करायचा. त्या बाजाला फुंक फार लागायची आणि खालचे सूर काढायला माउथपीस ओठांवर दाबावं लागायचं. पंधरवड्यात हिरडी सुजली. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दाबायचं नाही. तेव्हा थोड्या फुंकीवर बोलणारा, चांगल्या प्रतीचा बाजा पाहिजे, हे नक्की झालं. नाना म्हणाले, दोन आहेत, येऊन बघा. म्हणून आम्ही सकाळच्या एसटीने धुळ्याला आलो.

मी सराफी पेढीवर हिशेब लिहितो. आमच्या जळगावात माणूस वस्तू हातात घेतली की आधी तिचं वजन अजमावतो. वजन, मग कस, मग घडणावळ. मला वाद्यातलं काही कळत नाही, पण या तीन गोष्टी कळतात असा माझा समज होता. मी नानांना काटा मागितला.

"काटा?" नाना म्हणाले. "भाऊसाहेब, चाळीस वर्षं बाजे विकतोय, पण तोलून अजून कुणी नेला नाही."

"आहे की नाही?"

पार्सलं तोलायचा काटा होता. नवा चार किलो आठशे भरला, जुना तीन किलो नऊशे. नव्याचं पितळ बोटाला जाड लागत होतं, झळाळी आरशासारखी. जुन्याच्या खालच्या वळणावर पोचा होता आणि तोंडाच्या कडेचा मुलामा उडालेला. माझा हिशेब तिथेच झाला. वरचे चोवीस हजार मी घालणार होतो. तसं मी बोलूनही टाकलं.

 भावाने स्टुलावर बसून आधी जुना वाजवला, मग नवा. खरं सांगायचं तर नव्याचा आवाज जास्त भरलेला होता. ते मलाही कळलं, त्यालाही. नाना म्हणाले, "सूर याचा चांगला आहे, मी नाही म्हणणार नाही."

"मग बांधा हाच," मी म्हणालो.

"दादा, थांब जरा," भाऊ म्हणाला. "मी स्टुलावर बसून वाजवणार नाही. चालून येतो."

नव्या बाजाला पट्टा लावून तो गल्लीत उतरला. धुळ्याच्या या गल्ल्या सरळसोट, टोकापर्यंत नजर जाते. तो वरातीतल्या चालीने निघाला, हळू, प्रत्येक पावलाला जरासं थांबून. जाताना सूर नीट होता. परत फिरल्यावर सूर हलायला लागला. जवळ आला तेव्हा दिसलं, बाजा खाली ओढला जात होता आणि तो मान पुढे काढून माउथपीस ओठांवर धरून ठेवत होता. पाऊल पडलं की धक्का थेट तोंडाला. दुकानाच्या पायरीवर बसून त्याने पाठ फिरवली, कवळी काढली, रुमालाने पुसली, परत बसवली.

"सरकली?" मी विचारलं.

"पाच किलो सोनं असतं तर खांद्यावर घेऊन नाचलो असतो, दादा. हे पितळ आहे. तीन तास तोंडासमोर धरायचंय."

 पट्ट्याने वजन खांद्यावर जातं, एवढंच मी धरून चाललो होतो. त्याच्या तोंडाचा मी विचारच केला नव्हता.

मग तो जुना घेऊन निघाला. या वेळी टोकाला पोचून परत फिरला तरी सूर तसाच. आवाज नव्याइतका भरीव नव्हता, पण एकसारखा होता, आणि तो मानही नीट ठेवून चालत होता. बावीस वर्षं मी त्याचं वाजवणं ऐकलं ते ढोल, ताशा आणि फटाक्यांच्या गोंगाटात. एकट्याचं असं कधी ऐकलं नव्हतं. गाणं ओळखीचं असूनही मला पटकन ओळखता आलं नाही, कारण तो गाण्याच्या खालची बाजू वाजवत होता आणि वरची बाजू तिथे कुणीच वाजवत नव्हतं. ती रिकामी जागा धरून तो चालला होता.

कुणाचं लग्न ते बघायला समोरच्या ओट्यावर एक म्हातारी येऊन उभी राहिली. "कोनं लगन शे भो?"

"लगन नही अक्का," बाजा बघणाऱ्या आम्हा दोघांकडे हात करत नाना म्हणाले, "बाजा दखी राहिनात."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग हाऊ टकल्या नवरदेव शे का?"

भावाला हसू आलं आणि सूर तुटला. त्या दिवशीचा तेवढाच तुटला. पायरीशी येऊन त्याने आबांना फोन लावला, तो माझ्या हातात देऊन स्पीकर चालू करायला सांगितला, आणि पुन्हा गल्लीभर चालून आला. मी फोन पुढे धरून त्याच्या बाजूने चाललो.

आबांनी मध्येच विचारलं, "कोण वाजवतोय हा?"

"तोच," मी म्हणालो.

"उभा राहून का चालून?"

"चालून. मी बाजूला आहे."

भाऊ टोकाला पोचून परत फिरला. मग आबा म्हणाले, "त्याला म्हणा, एप्रिलच्या तारखा लिहून घे. अक्षय्य तृतीयेला दोन लग्नं आहेत."

भावाने तारखा माझ्या पेनने तळहातावर लिहिल्या.

मी मुलाम्याकडे आणि पोच्याकडे बोट दाखवून नानांना म्हणालो, "जुन्या मालाला आमच्याकडे घट कापतात."

"तुमच्याकडे मोडीचं सोनं वितळवतात, म्हणून घट. हा कुठे वितळवायचाय?" असं म्हणत नाना सत्तरवर आले, मग अडुसष्टवर. पोचा काढून देणार नसाल तर आणखी कमी करा, असं मी म्हटलं. भाऊ मला कोपर मारत होता. पोचा तसाच राहू द्यायचा ठरला.

शेवटी नानांना सहासष्ट हजार पाचशे रुपये दिले. त्यात चाळीस हजार भावाचे, सव्वीस हजार पाचशे माझे. पट्ट्याचे सातशे वेगळे होते. ते द्यायला मी पाकीट काढलं, पण भावाने माझा हात बाजूला केला आणि स्वतः नानांच्या हातात दिले.