अकरा पाटे आणि कुरडयांचं देऊळ

आमच्या सोसायटीत तीन घरांत रंगीत टीव्ही आला त्या वर्षी आमच्याकडे गाडी आली. गाडी म्हणजे लिलावात घेतलेला जुना जीपचा पिकअप. पुढे दोघांना बसायला केबिन, मागे उघडा हौदा. चारही चाकं ओढणारी. नवरा कांजूरमार्गला एका कंपनीत हिशेबनीस. त्याला चारही चाकं कशाला ओढायला हवी होती ते देव जाणे. पण दर रविवारी मुलुंडहून आरे कॉलनीत जायचं, पाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर चिखलात रुतायचं आणि बाहेर निघायचं, हे त्याचं सुख. मी बरोबर जायची. नाही गेले तर दुपारी चिखलाचा गोळाच घरी यायचा.

त्या गाडीला एक खोड होती. पुढून ती डावीकडे झुकायची. डावीकडे मी बसायची.

म्हणून तिचे पुढचे पाटे बदलायला आम्ही घाटकोपरला एका पाटेवाल्याकडे गेलो. पाटे म्हणजे चाकावर एकावर एक बसवलेल्या त्या लोखंडी वाकड्या पट्ट्या. धक्के त्या खातात. पाटेवाला मालवणी म्हातारा. त्याने विचारलं, एकाच बाजूला कशी काय झुकली? नवरा माझ्यादेखत म्हणाला, "त्या बाजूला ही बसते ना."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लग्नात मी काडीसारखी होते असं नाही, पण परक्या माणसासमोर गाडीचं दुखणं बायकोच्या अंगावर ढकलायचं म्हणजे काय? म्हातारा भला. खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "वहिनीनू, हो दोष पाट्याचो, तुमचो न्हय." मी नवऱ्याकडे असं बघितलं की तो पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

मूळचे पाटे सात. नवऱ्याला अकरा हवे होते, तेही ट्रकचे जाड. म्हातारा म्हणाला, "सायबानू, इतके घालू नकात. गाडयेची बैलगाडी होतली." पण ऐकेल तो माझा नवरा कसला! अकरा बसले. गाडीचं नाक वर झालं, शेजारच्या घरात काय तळतायत ते हुंगत असल्यासारखं. आता ती झुकत नव्हती. आता ती उडत होती. रस्त्यात साधी काडेपेटी पडली असली तरी माझ्या दातांना कळायचं.

"झकास झालीये," नवरा म्हणायचा. बोलताना जीभ चावायचा.

आणि त्यात नणंदेचं लग्न आलं. हॉल बोरिवलीला. रुखवत माझ्याकडे. मी अख्खा उन्हाळा खपून पापड-कुरडयांचं देऊळ केलं होतं. भिंती पापडांच्या, दीपमाळ सांडग्यांची, शिखर कुरडयांचं, सगळं पक्क्या पाकात चिकटवलेलं. हातभर उंच आणि त्याहून रुंद. नणंद रोज येऊन बघून जायची. "वहिनी, सासरी माझं नाक वर राहील गं याने," म्हणायची. तिची सासू आधीच बोलून गेली होती, आमच्याकडे रुखवत फार बघतात म्हणून. त्यामुळे ते देऊळ धड पोचणं म्हणजे आमच्या घराची अब्रूच होती.

नवऱ्याने सगळ्यांना परस्पर सांगून टाकलं, "आपली गाडी असताना टेम्पो कशाला?"

मला धास्ती. आठवडाभर आधी मी ताटात दोन पापड आणि एक कुरडई ठेवून त्याला कांजूरमार्गपर्यंत जाऊन यायला सांगितलं. ताट परत आलं. त्यात पीठ होतं.

"पापड जुने असतील," तो म्हणाला.

"याच उन्हाळ्यातले आहेत! जुनी तुमची अक्कल झालीये!"

टेम्पोला फोन केले. लग्नसराई, एकही रिकामा नाही. टॅक्सी आणली तर देऊळ तिच्या दारातून जाईना. नणंद रडायला लागली. नवरा केविलवाणा होऊन गाडीला फेऱ्या मारत होता. म्हणाला, पुढे रेतीची पोती टाकू, वजनाने पाटे दबतील, गाडी कमी उडेल.

"पोती कशाला?" मी पदर खोचला. "मी आहे ना. द्या ते इकडे."

मी बसले. मांडीवर उशी, उशीवर देऊळ. निघालो. पवईपर्यंत मी त्याचा उद्धार करत होते, आरेत शिरल्यावर देवाचा धावा. नवरा पुढचा रस्ता ओरडून सांगत होता, "खड्डा! आला, आला!" की मी देऊळ दोन्ही हातांनी उचलून धरायची. गाडी आपटायची, मी आपटायची, देऊळ अधांतरी. धक्के सगळे माझ्या अंगात जिरत होते. म्हशी आम्हाला मागे टाकून पुढे गेल्या.

उतारावर एक खड्डा त्याला दिसलाच नाही. माझं डोकं टपाला असं आदळलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात मात्र सुटले नाहीत. त्याने गाडी बाजूला घेतली.

"लागलं का गं?"

"आधी देऊळ बघा."

"मरू दे ते देऊळ! तुला लागलं का?"

मला एकदम रडूच आलं. इतक्या शिव्या घालून झाल्यावर असं विचारतात का कोणी? एकच कुरडई निखळली होती. ती त्याने खिशात टाकली आणि बोरिवलीपर्यंत अशी गाडी चालवली की सायकलवाल्यांनी मागून घंटी वाजवावी.

हॉलमध्ये नणंदेची सासू देवळाभोवती दोनदा फिरली. "टेम्पोने आणलंत?" तिने विचारलं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "छे हो, आमच्या सुनेच्या मांडीवर बसून आलंय." नणंद माझ्या गळ्यातच पडली. डोक्याला टेंगूळ होतं, पण मी सगळ्या फोटोंत हसतेय.

पुढच्या रविवारी नवरा आपणहून घाटकोपरला गेला. अकरा काढून मूळचे सात पाटे परत बसवायला लावले. मी शेजारी उभी. काम झाल्यावर म्हाताऱ्याने हात पुसले आणि बजावलं, "सायबानू, परत डावीकडे झुकतली हां."

"झुकू दे की," नवरा म्हणाला. "त्या बाजूला ही बसते."

मी ऐकलंच नाही असं दाखवून आधी जाऊन बसले. गाडी डावीकडे जराशी कलली.